पिशवीत ऑक्सिजन होता, मग बीज मेलं कसं?

‘पिशवीत ऑक्सिजन भरला होता. गाडी रात्री निघाली, सकाळी धरणावर पोहोचली. सोडताना बीज चांगलं पळत होतं. मग तिसऱ्या दिवशी काठाला पोट वर करून तरंगणारे मासे आले कुठून?’

जळगाव-धुळ्याकडे मत्स्यपालन करणारा प्रत्येक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतो. हतनूर, वाघूर, अक्कलपाडा, अनेर ही इथली धरणं; गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात असलं तरी त्याचं पाणी जळगावच्या शेतांत येतं. या जलाशयांत आणि शेकडो लहान तलावांत मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने मासेमारी करतात आणि दर पावसाळ्यात बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडतात. अलीकडे शेततळ्यांत मासे वाढवणारे शेतकरीही त्यात आले आहेत. बीज मेलं की दोष कधी बीज विकणाऱ्यावर जातो, कधी ड्रायव्हरवर, कधी धरणाच्या पाण्यावर.

माझं म्हणणं असं, की या मरतुकीचं कारण रस्त्यावर फार थोडं असतं. ती बहुतेक ठरते गाडी भरण्याआधीच्या एक-दोन दिवसांत आणि धरणावर पिशवी उघडल्यानंतरच्या अर्ध्या तासात. हे पटवून द्यायचं तर आधी माशाच्या अंगात काय घडतं ते पाहावं लागेल, मग पिशवीतल्या पाण्यात काय घडतं ते.

१. बीज लांबून का आणावं लागतं?

रोहू, कटला आणि मृगळ हे कार्प गटातले, मुख्यतः उत्तर भारतातल्या मोठ्या नद्यांचे मासे. पावसाळ्यात पूर येऊन पाणी काठच्या उथळ जमिनीवर पसरलं की ते अंडी घालतात. तळ्यात टाकले तर ते वाढतात, पोटात अंडीही धरतात, पण साठलेल्या पाण्यात ती सहसा सोडत नाहीत. म्हणून पूर्वी बीज नदीतूनच गोळा करावं लागे आणि त्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं बंगाल. तिथून ते मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरदूर जाई. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला येणारा लोहमार्ग भुसावळ-जळगावातूनच जातो. हावड्यापासून भुसावळ सुमारे दीड हजार किलोमीटर.

हंडीबरोबर जाणारा माणूस प्रवासात हंडी सतत हलवत राही, म्हणजे पाणी डचमळून त्यात हवा मिसळे. तो तळाशी बसलेली घाण आणि मेलेलं बीज टिपून काढी, अधूनमधून पाणी बदली आणि पाण्यात चिमूटभर तांबड्या मातीची पूड टाकी. त्या मातीचे कण घाणीला चिकटून तिला तळाशी नेतात. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता या माणसांनी वाहतुकीतले दोन मोठे शत्रू ओळखले होते: प्राणवायूची कमतरता आणि माशाचीच घाण.

१९५७ साली ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी तळ्यात ठेवलेल्या कार्प माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी मिळवली. १० जुलैचा हा दिवस आता देशभर राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर नदीवरचं अवलंबन संपलं आणि ठिकठिकाणी मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली. तरीही केंद्र एका ठिकाणी आणि धरण दुसऱ्या ठिकाणी, हे राहिलंच. त्यात हंगाम मोठा नाही. जुलै ते सप्टेंबर या काळात सगळ्यांनाच बीज हवं असतं, त्यामुळे जवळ मिळालं नाही तर परजिल्ह्यातून, परराज्यातून आणावं लागतं.

काही नावं इथेच समजून घेऊ, पुढे लागतील. अंड्यातून नुकतंच निघालेलं, पाच ते आठ मिलिमीटरचं ते मत्स्यजिरे. दोन-अडीच सेंटिमीटरचं झालं की बीज. पुढे अर्धबोटुकली, आणि आठ-दहा सेंटिमीटरच्या पुढे बोटुकली.

२. मग अंडीच का पाठवत नाहीत?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं एक सुंदर उत्तर महाराष्ट्रातच सापडलं आहे. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात महाशीर माशाच्या प्रजननाचं काम सुरू केलं. महाशीरची फलित अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवता येतात, हे सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७९ साली शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. पाण्याचं ओझं नाही, डचमळणं नाही. कापसातल्या ओलाव्याचा पातळ थर अंड्याला प्राणवायू पुरवतो. अंडं धावपळ करत नाही, घाबरत नाही आणि घाणही फार थोडी करतं.

पण हे महाशीरला जमतं, कारण तिची अंडी फुटायला दोन-तीन दिवस लागतात. रोहू-कटल्याची अंडी पावसाळ्यातल्या उबदार पाण्यात १४ ते १८ तासांतच फुटतात. रस्त्यातच पिल्लं बाहेर आली तर कापसात त्यांचं काय करणार? म्हणून कार्प माशांच्या बाबतीत जिवंत, श्वास घेणारं, घाबरणारं बीजच न्यावं लागतं.

३. घाबरलेल्या माशाच्या अंगात काय होतं?

‘ताण’ हा शब्द आपण माणसांच्या मनाबद्दल वापरतो. माशाच्या बाबतीत तो सरळ शरीराचा व्यवहार आहे.

जाळं ओढलं की मासा जीव तोडून धडपडतो. त्या वेळी त्याच्या स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. ते त्याच्याशिवाय काम उरकतात आणि अंगात लॅक्टिक आम्ल साचतं. हे आम्ल निवळायला कित्येक तास लागतात, कधी पुरा दिवस. धडपडून दमलेला मासा लगेच पिशवीत भरला तर हा निचरा त्याला पिशवीतच करावा लागतो, म्हणजे तो नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू ओढतो.

त्याच वेळी रक्तात ॲड्रेनालिन उसळतं. कल्ल्यांतला रक्तप्रवाह वाढतो, प्राणवायू जास्त मिळतो. पण जे कल्ले प्राणवायू आत घेतात, त्यांच्यातूनच पाणी आणि क्षारही ये-जा करतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरमागे साधारण आठ-नऊ ग्रॅम मिठाइतके क्षार असतात. बाहेरच्या पाण्यात जवळपास काहीच नाही. रात्री पाण्यात घातलेला मनुका सकाळी टम्म फुगलेला दिसतो, कारण पातळ पाणी दाट रसाकडे शिरतं. मासा जन्मभर या मनुक्याच्या जागी असतो. पाणी आत घुसत राहतं, ते तो लघवीवाटे बाहेर टाकत राहतो आणि निसटणारे क्षार कल्ल्यांतून परत ओढून घेत राहतो. घाबरला की कल्ल्यांची ही राखण सैल पडते, क्षार भराभर निसटतात. पाण्यात लिटरमागे दोन ते पाच ग्रॅम साधं मीठ घातलं की आतल्या-बाहेरच्या क्षारांतलं अंतर कमी होतं आणि माशाचे श्रम वाचतात. वाहतुकीतला सगळ्यांत स्वस्त उपाय हाच. किराणा दुकानात मिळणाऱ्या या उपायाकडे इतक्या लोकांनी दुर्लक्ष करावं याचं मला वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट हळू चालते. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि रोगाशी लढण्याची ताकद घटते. कोरड्या हातांनी, खरखरीत जाळ्याने किंवा तापलेल्या सिमेंटवर टेकल्याने अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला गेलेला असतो. तो थर म्हणजे माशाचं पहिलं संरक्षण. तो गेला की पाण्यातले जिवाणू आणि बुरशी शिरकाव करतात. कापसाच्या पुंजक्यासारखी पांढरी बुरशी दिसायला दोन-चार दिवस जातात.

सुरुवातीच्या प्रश्नातला ‘तिसरा दिवस’ इथून येतो. सोडताना मासा पळत होता हे खरं, पण पळता येणं म्हणजे तो वाचला असं होत नाही.

४. उन्हाळा वाढला की पाणी दरिद्री होतं

पाण्यात प्राणवायू विरघळतो फारच थोडा, आणि पाणी तापलं की आणखी कमी. २० अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सात. हा फरक किरकोळ वाटेल, पण दुसरी बाजू पाहा. पाणी दहा अंशांनी तापलं की माशाची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. आवक घटते आणि खर्च दुप्पट होतो.

भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत जिवंत माशांची दिवसाची वाहतूक करूच नये. पावसाळ्यात हवा ३० अंशांवर येते, पण उघडीप पडली की बंद टेम्पोच्या पत्र्याखालची हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते. ऑक्टोबरमध्ये उशिरा बीज आणणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

५. एका पिशवीचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. पिशवीत ६ लिटर पाणी आणि त्यावर १२ लिटर शुद्ध ऑक्सिजन; एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन हे प्रचलित प्रमाण. आत दोन-अडीच सेंटिमीटरचं बीज अर्धा किलो. एक बीज पाव ग्रॅमचं धरलं तर हे झाले दोन हजार मासे.

पाण्यातला प्राणवायू: ६ लिटर गुणिले साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. वरच्या वायूत लिटरमागे सुमारे १,३०० मिलिग्रॅम, म्हणजे १२ लिटरमध्ये १५,६०० मिलिग्रॅम. पाण्यातला साठा वायूच्या तुलनेत नगण्य आहे. पिशवीत पाणी जास्त भरलं की मासे सुखी, असं मानणारे लोक आहेत. पाणी वाढवलं तर ऑक्सिजनची जागाच जाते.

लहान मासा वजनाच्या मानाने जास्त श्वास घेतो. एक किलो बीज तासाला ६०० मिलिग्रॅम प्राणवायू वापरतं असं धरू. अर्धा किलोला लागेल ३००. मग १५,६०० भागिले ३००, म्हणजे ५२ तास.

बावन्न तास! आणि आपली गाडी बारा तासांत पोहोचते. मग चिंता कसली?

चिंता श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूची. तासाला ३०० मिलिग्रॅम प्राणवायू घेणारे मासे साधारण ३७० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतात. बारा तासांत झाला ४,४४० मिलिग्रॅम. पिशवीचं तोंड बांधलेलं, तो जाणार कुठे? थोडा वरच्या वायूत जातो, थोडा पाण्यात राहतो. ३० अंशांना हिशेब केला तर पाण्यात लिटरमागे जवळपास १९० मिलिग्रॅम येतो. गरम पाण्यातल्या माशांसाठी १४० मिलिग्रॅमच्या आसपास धोक्याची रेघ मानतात. म्हणजे ऑक्सिजन दोन दिवस पुरेल इतका शिल्लक असताना आपण नवव्या तासाच्या सुमारास धोक्याची रेघ ओलांडलेली असते. कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्ताची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. पिशवीत ऑक्सिजन भरपूर असतो आणि माशाला तो घेता येत नाही.

आता त्याच पिशवीत बीज निम्मं, पाव किलो, भरा. बारा तासांनी आकडा ९५च्या आसपास राहतो. पिशव्या दुप्पट लागतील, भाडं वाढेल. पण दाटी करून जो खर्च वाचला असं वाटतं, तो धरणाच्या तळाशी मेलेल्या बीजाच्या रूपात गेलेला असतो, आणि तो कुणाच्या हिशेबाच्या वहीत येत नाही.

हा हिशेब ढोबळ आहे. बोटुकली असेल तर श्वासाचा दर कमी, मत्स्यजिरे असेल तर जास्त. पाणी थंड असेल तर वेळ वाढतो. पण बीज घेताना ‘एका पिशवीत किती नग’ एवढंच न विचारता ‘एका पिशवीत किती वजन आणि किती तासांसाठी’ असं विचारावं.

६. अमोनिया, आणि पिशवी उघडण्याचा क्षण

मासा कल्ल्यांतून अमोनियाही सोडतो. पाण्यात तो दोन रूपांत राहतो: एक विषारी, एक जवळपास निरुपद्रवी. कोणतं किती, हे पाण्याच्या सामूवर (pH) ठरतं. ३० अंशांना सामू साडेसहा असेल तर एकूण अमोनियापैकी पाव टक्का विषारी, सामू ७ असेल तर पाऊण टक्क्याच्या आसपास, आणि सामू ८ असेल तर साडेसात टक्के.

बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पाणी आम्लाकडे झुकतं. म्हणजे जो वायू माशाला गुदमरवतो, तोच अमोनियाचं विष दाबूनही ठेवतो. आता धरणावर पोहोचल्यावर आपण काय करतो? पिशव्यांची तोंडं सोडून ठेवतो, ‘जरा हवा लागू दे’ म्हणून. कार्बन डायऑक्साइड भराभर उडून जातो, सामू चढतो आणि इतके तास निपचित असलेला अमोनिया विषारी रूपात येतो. त्यात आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखातलं पाणी बहुधा अल्कधर्मी, सामू आठच्या आसपास. ते थोडं थोडं पिशवीत ओतत बसलो तर सामू आणखी वर जातो.

म्हणून नियम असा: पिशवी बंद असेपर्यंत वेळ घ्या, उघडल्यावर रेंगाळू नका.

७. गाडी भरण्याआधी

सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. खरेदीदार गाडी घेऊन पोहोचतो, तळ्यात जाळं ओढलं जातं, आणि धडपडून दमलेलं, पोट भरलेलं बीज तासाभरात पिशवीत. गाडी वाट पाहते आहे, रात्र होत आली आहे, सगळ्यांना घाई आहे.

बीज आदल्या दिवशी तळ्यातून काढलेलं असावं. ते हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या कापडी टाकीत, किंवा सिमेंटच्या टाकीत वाहत्या पाण्याच्या फवाऱ्याखाली दाटीने ठेवावं. खायला काही देऊ नये. उपाशी ठेवणं निर्दयपणाचं वाटेल, पण पोट रिकामं झालेला मासा पिशवीत फार कमी घाण करतो आणि प्राणवायूही कमी वापरतो. बीजाला एक दिवस पुरे. मोठ्या माशांना दीड-दोन दिवस. या मुदतीत लॅक्टिक आम्ल निवळतं आणि दाटीची सवय होते. जे अशक्त असतात ते तिथेच मरतात. विक्रेत्याला हे नको असतं, कारण ते नग त्याच्या खात्यात मोजले जातात. खरेदीदार संस्थेने मात्र हाच आग्रह धरावा: मोजणी एक दिवस उपाशी ठेवल्यानंतरची हवी. त्यासाठी नगामागे थोडा जास्त भाव द्यावा लागला तरी द्यावा. तो पैसा वाया जात नाही.

आकार वेगळे करणंही इथेच. लहान-मोठं एकत्र भरलं तर छोटी दमतात. मोजताना बीज कोरड्या चाळणीत किंवा हातात घेऊ नये. ओल्या, मऊ कापडाची छोटी जाळी वापरावी आणि तीही पाण्यातच फिरवावी.

पिशवीतलं पाणी कुठलं? नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. ते पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवून, हलवून मगच वापरावं. बोअरवेलचं पाणी दिसायला स्वच्छ आणि हाताला गार, पण खोलातून आलेल्या पाण्यात प्राणवायू नसल्यासारखा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. ते आधी फवाऱ्याने हवेत उडवून टाकीत पाडावं. सगळ्यांत सोपं म्हणजे ज्या पाण्यात बीजाने रात्र काढली, तेच गाळून घ्यावं. त्यात मीठ. खडे मीठ चालतं; आधी बादलीत विरघळवून मग घालावं.

पिशवी दुहेरी असावी. चौकोनी पिशवीच्या टोकांत बीज अडकून चेंगरतं, म्हणून खालचे कोपरे दुमडून बांधावेत. ऑक्सिजनची नळी पाण्यात बुडवून वायू सोडावा, पण पिशवी फुग्यासारखी ताठ फुगवू नये. उन्हात वायू प्रसरण पावतो.

८. रस्त्यावर

सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे खानदेशात येणारी गाडी कुठूनही आली तरी रस्ता बरा मिळतो. शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर, धरणाच्या काठापर्यंतचे, तेवढे हाल काढतात. पिशव्यांखाली ओली गोणपाटं अंथरावीत, वरूनही ओली झाकावीत. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. बर्फ न्यायचा तर वेगळ्या पिशवीत घालून माशांच्या पिशव्यांमध्ये ठेवावा. थेट पाण्यात टाकू नये, आणि पाण्याचं तापमान चार-पाच अंशांपेक्षा जास्त, तेही एकदम, खाली आणू नये. जेवायला थांबायचं तर सावलीत. याहून जास्त सांगण्यासारखं रस्त्याबद्दल नाही.

मोठे जिवंत मासे टाकीतून नेतात तेव्हा दोन गोष्टी बदलतात. टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे पाणी डचमळून मासे भिंतींवर आपटत नाहीत, आणि सिलिंडरमधून बारीक बुडबुड्यांनी ऑक्सिजन सोडत राहावा. अंडी देणारे मोठे मासे नेताना लवंग तेलासारखं गुंगीचं औषध वापरतात. खाण्यासाठी विकायच्या माशांना ते देऊ नये.

मरळ मात्र या नियमाला अपवाद आहे. आपल्याकडे जिवंत मरळीला चांगला भाव येतो, आणि ती कमी पाण्यात तग धरते हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं कारण असं, की ती कल्ल्यांवर भागवत नाही. तिला पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. म्हणून मरळीची टाकी काठोकाठ भरून वर झाकण लावलं तर ती पाण्यात बुडून मरते. तिला थोडंच पाणी, वर मोकळी हवा आणि उडी अडवणारी जाळी लागते. मांगूरचंही तसंच. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत जिवंत मासे विक्री केंद्रांना अनुदानाची तरतूद झाली. असं केंद्र काढणाऱ्याने कोणता मासा श्वास कसा घेतो हे आधी शिकून घ्यावं, टाकीचा आकार नंतर ठरवावा.

९. धरणावर उतरवताना

गाडी पोहोचली. पिशव्या बंद ठेवूनच काठच्या उथळ, सावलीच्या पाण्यात तरंगत ठेवा, पंधरा-वीस मिनिटं. आतलं-बाहेरचं पाणी हाताला सारखं लागलं पाहिजे. साधा थर्मामीटर असेल तर उत्तम. मग एकेक पिशवी उघडा, धरणाचं पाणी दोन-तीन वेळा आत घ्या आणि लगेच तोंड तिरकं करून बीज आपणहून बाहेर पडू द्या. उंचावरून ओतू नका. एक पिशवी रिकामी झाल्याशिवाय दुसरीचं तोंड सोडू नका. पिशवीतलं घाण पाणी शक्यतो धरणात न ओतता काठावर टाका.

वेळ कोणती? मोठ्या, वारा लागणाऱ्या धरणात पहाट चांगली. पाणी गार, आणि दुपारी शेवाळामुळे चढणारा सामू तेव्हा उतरलेला. पण हिरव्यागार शेततळ्यात पहाट ही सगळ्यांत वाईट वेळ. रात्रभर शेवाळ प्राणवायू वापरतं आणि उजाडताना तो सगळ्यांत कमी असतो. तिथे ऊन पडून दोन तास होऊ द्यावेत किंवा उन्हं कलल्यावर सोडावं. गाडी पहाटे पोहोचली असेल तर पिशव्या बंद ठेवून सावलीत थांबणं बरं.

हतनूरसारख्या धरणाची वेगळी अडचण आहे. वर चांगदेवजवळ तापी-पूर्णेचा संगम, त्यामुळे पावसाळ्यात पाणी गाळाने भरून येतं आणि ४१ दरवाजे वारंवार उघडावे लागतात. दरवाजे उघडे असताना सोडलेलं दमलेलं बीज प्रवाहाबरोबर खाली जाण्याचीच शक्यता जास्त. विसर्ग थांबल्यावर, धरणाच्या भिंतीपासून दूर, आडोशाच्या खाडीत सोडावं. आणि मरळ, शिंगाळा असलेल्या मोठ्या जलाशयात लहान बीज सोडणं म्हणजे त्यांना खाऊ घालणं. तिथे बोटुकलीच हवी. तिची वाहतूक महाग पडते हे मान्य. मग नग कमी आणा.

शेवटी एक काम, जे फारच थोड्या संस्था करतात. प्रत्येक खेपेतली शंभर पिल्लं मोजून धरणातच बांधलेल्या हाप्यात ठेवा आणि चार दिवस रोज मेलेली मोजा. पहिल्या काही तासांतच मेली तर संशय पिशवीतल्या गर्दीवर, किंवा पिशवी उघडून ठेवण्यावर. एक-दोन दिवसांत मेली तर उपास न घालता, धडपडलेलं बीज भरलं असणार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर पांढरे पुंजके घेऊन मेली तर जाळं आणि हात तपासा. खेपेची तारीख, पिशवीतलं वजन, प्रवासाचे तास, निघताना आणि पोहोचल्यावर पाण्याचं तापमान, मीठ घातलं की नाही, हे सगळं त्या मोजणीशेजारी एका वहीत लिहा. पुढच्या जूनमध्ये बीजाचा सौदा करायला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या.